रोजच्या वाट्याचा मान्ना



येत्या ३० सप्टेंबरला ख्रिस्तसभा संत जेरोम यांचा सण साजरा करते. पवित्र शास्त्र लॅटिन भाषेत आणण्यासाठी या संताने सुमारे वीस-बावीस वर्षे झिजवली आणि इ. स. ४२० मध्ये बेथलेहेमात देह ठेवला. जो शास्त्राला ओळखत नाही त्याची ख्रिस्ताशीही ओळख राहत नाही, अशी त्यांची शिकवण होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ईश्वरी प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात तीच शिकवण पुन्हा सांगितली आणि शास्त्रवाचन हे केवळ धर्मगुरू व धर्मभगिनींचे काम नसून प्रत्येक श्रद्धावंताचे आहे, असे आवर्जून बजावले. २०१९ साली याच ३० सप्टेंबरला पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून पाळावा, असे जाहीर केले.

परंतु आपल्या भागात ३० सप्टेंबर म्हटले की संत जेरोम यांच्याआधी दुसरेच काही आठवते. १९९३ सालची ती पहाट. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि शेजारच्या गावांतील घरे काही क्षणांत खाली बसली. हजारो माणसे झोपेतच गेली. अणदूर परिसरातील वयस्कर मंडळी अजूनही त्या पहाटेविषयी बोलताना मध्येच थांबतात.

भिंत जाड होती, पण…

नंतर अभियंत्यांनी त्या घरांची पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती काही कच्च्या दिसत नव्हत्या. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीची ती दगडी भिंत पाहून कोणालाही वाटावे, हिला काय होणार? पण त्या भिंतीला दोन कातडी होती. बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये गोटे-मातीची भर. बाहेरच्या बाजूला आतल्या बाजूशी बांधून ठेवणारा आरपार दगड मात्र बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हलताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि वरचे मातीचे जड छप्पर खाली आले. पुढे घरांची दुरुस्ती करताना सांगितले गेले ते हेच, की भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जोडदगड घाला. घर नव्याने बांधण्याएवढा खर्च त्याला येत नाही. पण ज्या भिंतीत जोडदगड आहे, ती हादरा बसला तरी एकसंध राहते.

बंधू-भगिनींनो, आपल्या श्रद्धेची भिंतही बाहेरून जाड दिसते. बाप्तिस्मा झाला आहे, लग्न वेदीसमोर झाले आहे, नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण चुकत नाही, घरात क्रूस आहे, गळ्यात जपमाळ आहे. ही झाली बाहेरची बाजू. आतल्या बाजूला आपली दुःखे, कर्जाची काळजी, मुलीच्या लग्नाचा घोर, पावसाची वाट पाहणे. या दोहोंना जोडणारा दगड कोणता? रविवारी वेदीवरून ऐकलेला शब्द सोमवारी शेतात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत आपल्याबरोबर असतो का? प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी दोन घरांचा दाखला दिला. दोन्ही घरांवर पाऊस सारखाच पडला, वारा सारखाच सुटला. फरक एवढाच होता की एकाने ऐकले आणि तसे वागला, दुसऱ्याने नुसतेच ऐकले.

रोजचे शास्त्रवाचन हा तो जोडदगड आहे, हे आपल्याला पटलेले असते. तरीही ते का होत नाही? आज आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करायची आहे.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी याच सुमारास आम्ही मोठ्या उत्साहाने एक कार्ड छापून वाटले. त्यावर ३६५ चौकटी होत्या. रोज तीन-चार अध्याय वाचायचे, चौकटीत खूण करायची आणि वर्षाअखेरीस जुना व नवा करार मिळून ७३ पुस्तके संपवायची. हात वर करा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. आम्हाला धन्य वाटले.

त्यांत एक बांधव होते. दिवाळी झाली की ते आणि त्यांची पत्नी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांनी कार्ड बायबलमध्ये ठेवले आणि बायबल कपड्यांच्या गाठोड्यात. गुढीपाडव्याच्या सुमारास ते परत आले, पण मिस्साला शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसू लागले. ख्रिस्तप्रसादासाठी पुढे येईनात. दोन-तीन रविवार आम्ही पाहिले आणि मग घरी गेलो. बराच वेळ ते गप्पच होते. शेवटी उठून त्यांनी ते कार्ड आणून आमच्या हातात दिले. सव्वीस चौकटींवर खुणा होत्या. लेवीय पुस्तकातील यज्ञविधींपाशी येऊन गाडी थांबली होती. ते म्हणाले, "फादर, मुकादमाची उचल फिटली नाही, अन् देवाचीबी बाकी राहिली. कोणत्या तोंडानं म्होरं येऊ?"

ज्यांनी ऊसतोड पाहिली आहे त्यांना 'उचल' म्हणजे काय हे सांगायला नको. हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी फेडता फेडता पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते. पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली तर भरायला उठायचे. अशा माणसाच्या हाती आम्ही रोजच्या चार अध्यायांचे कार्ड दिले होते. त्याच्या दिवसाचा आम्ही विचारच केला नव्हता. देवाचा शब्द मुक्त करण्यासाठी दिलेला आहे. आम्ही त्याची उचल करून टाकली.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. आज तुम्हा सर्वांचीही मागतो. कारण त्या वर्षी अर्धवट कार्डे आणखी बऱ्याच घरांत कपाटामागे गेली असतील. खरे सांगायचे तर आमचे स्वतःचे कार्डही पूर्ण झाले नव्हते.

एका दिवसापुरते

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोक रानात भुकेने कुरकुर करत असता देव त्यांना मान्ना देतो. तेथे देवाने मोजमाप ठरवून दिले आहे. माणशी एक ओमर, रोजच्या रोज. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी, पण मोजून पाहिल्यावर जास्तवाल्याचे उरले नाही आणि कमीवाल्याला कमी पडले नाही. काहींनी शहाणपणा करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, तर त्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता.

या प्रसंगात शास्त्रवाचनासाठी तीन धडे आहेत. एक, देव आपल्या भुकेच्या मापाने देतो, आपल्या हावेच्या मापाने नाही. दोन, आजचे आज घ्यायचे. एका रविवारी बसून महिन्याभराचे वाचून ठेवता येत नाही. तीन, देवाच्या योजनेतच विसाव्याची जागा आहे. जो नियम थकलेल्या माणसाला श्वास घेऊ देत नाही, तो देवाचा नियम नव्हे.

प्रभू येशूनेही बुरुज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला. आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. शिष्य होण्याची किंमत मोजण्याविषयी तो दाखला आहे. पण हिशोब करणे हे अविश्वासाचे लक्षण नाही, हेही त्यातून कळते. संकल्प छोटा ठेवणे म्हणजे देवाला कमी देणे नव्हे. जे खरोखर देता येईल ते देणे आहे.

आपल्या अणदूरमध्येच याचे एक उदाहरण आहे. येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने फारसे शालेय शिक्षण नसलेल्या खेड्यांतील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. त्यांना डॉक्टर बनवण्याचा हट्ट धरला नाही. गावात नेहमी दिसणारे आजार ओळखणे, प्राथमिक उपचार करणे, वेळ न दवडता दवाखान्यात पाठवणे, एवढे नीट शिकवले. ज्यांना अक्षरओळखही जेमतेम होती त्या बाया गावाच्या आरोग्याचा आधार झाल्या. पेलेल एवढा धडा नीट शिकला, की माणूस पुढचा धडा स्वतःच मागतो.

मग संकल्प कसा करावा?

या वर्षी आम्ही कार्ड वाटणार नाही. पुढील गोष्टी मात्र प्रत्येकाने आपल्या घरी बसून ठरवाव्यात.

१. आधी वेळ व जागा ठरवा, पाने नंतर. 'सवड मिळाली की वाचीन' म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधून टाका. सकाळी धार काढून आल्यावर, दुकानाचे शटर वर करण्याआधी, रात्रीची भांडी आवरल्यावर. दहा मिनिटे पुरेत. बायबल कपाटात न ठेवता त्या जागी हाताला लागेल असे ठेवा.

२. एकच पुस्तक घ्या आणि छोटे घ्या. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने उत्पत्तीपासून क्रमाने निघू नये. संत मार्कलिखित शुभवर्तमान घ्यावे. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, केवळ १६ अध्यायांचे आहे. आठवड्याला दोन अध्याय धरले तर आठ आठवडे लागतात. म्हणजे संत जेरोम यांच्या सणाला सुरुवात करणारा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी ते पूर्ण करतो. ज्यांना तेही जड वाटते त्यांनी रूथ किंवा योना घ्यावे. दोन्ही चार-चार अध्यायांची आहेत. ज्यांना सवय आहे आणि जास्त हवे आहे त्यांनी नवा करार घ्यावा. त्याचे २६० अध्याय आहेत. आठवड्यातील पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवडे होतात.

३. आठवड्यातील पाचच दिवस धरा. उरलेले दोन दिवस पाहुण्यांसाठी, आजारपणासाठी, बाजारासाठी मोकळे असू द्या. सोयाबीनच्या राशीचे दिवस असतील, तर त्या पंधरवड्यात रविवारच्या शुभवर्तमानातील एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचा. चालेल.

४. बाकी चढवू नका. हे सर्वांत महत्त्वाचे. चार दिवस वाचन चुकले तर पाचव्या दिवशी पाच दिवसांचे वाचू नका. जेथे थांबलात तेथून त्या दिवसाचे तेवढेच वाचा. काल न खाल्लेली भाकरी आज दुप्पट खाऊन भरून निघत नाही. आज जेवायला बसायचे, एवढेच. देव वही घेऊन बसलेला मुकादम नाही. उशिरा परतलेल्या धाकट्या मुलाला बापाने मागचा हिशोब विचारला नव्हता.

५. एक ओळ बरोबर न्या. ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेत शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. हे शब्द मोठे वाटले तर असे करा. उतारा दोनदा सावकाश वाचा. जो शब्द मनाला टोचला किंवा गोड लागला तेथे थांबा. त्याविषयी देवाशी आपल्या बोलीत दोन शब्द बोला. मग क्षणभर गप्प बसा. पवित्र मरियेला देवदूताचे व मेंढपाळांचे सगळेच बोलणे लगेच उमगले असे संत लूक लिहीत नाहीत. ती ते सगळे अंतःकरणात जपून त्याचा विचार करत राहिली, असे सांगतात.

६. एकट्याने अडू नका. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. वाचलेले समजते का, असे फिलिपने विचारल्यावर, कोणी समजावून दिल्यावाचून कसे समजणार, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाला विचारायची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? कळले नाही तेथे पेन्सिलीने खूण करा आणि रविवारी मिस्सानंतर विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी स्वतःला कमी समजू नये. विश्वास ऐकण्याने येतो, असे संत पौल सांगतात. घरातील शाळकरी मुलाला मोठ्याने वाचायला लावा. एक अध्याय वाचायला साधारण सात-आठ मिनिटे लागतात. आजीचे ऐकणे होईल आणि नातवाचे वाचन सुधारेल.

मराठीतील ठेवा

आपल्या भाषेत हा शब्द यावा म्हणून माणसांनी काय केले आहे, हेही आठवावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठीतून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ साली छापले गेले. आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी, साध्यासुध्या बायाबापड्यांना कळावे या तळमळीने, हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अखेरची कित्येक वर्षे त्या या कामात होत्या. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले. हेच फादर दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले.

यांपैकी कोणाचेच काम एका दिवसात झालेले नाही. आज एक ओळ, उद्या एक ओळ. जो ग्रंथ असा ओळी-ओळीने आपल्या भाषेत आला, तो ओळी-ओळीने वाचण्यात कमीपणा कसला?

अंजिराचे झाड

त्या बांधवांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या हंगामाला निघताना आम्ही त्यांना फक्त संत मार्कचे शुभवर्तमान वेगळे, पातळ पुस्तकात दिले आणि म्हटले, "जमेल तसं, जमेल तेवढं. खूण-बिण काही करू नका." आठवीतली त्यांची मुलगी त्या वर्षी बरोबर होती. शाळा बुडत होती, त्याचे दुःख वेगळेच. पण कोपीत रात्री चूल विझण्याआधी ती दहा-बारा ओळी वाचायची आणि आई-वडील ऐकायचे. सहा महिन्यांत सोळा अध्याय झाले. झाले ते एवढेच.

परत आल्यावर ते पहिल्याच रविवारी मिस्सानंतर थांबले. म्हणाले, "फादर, अकराव्या अध्यायात देवबाप्पानं अंजिराला शाप दिला. पण त्यातच लिहिलंय की अंजिराचा हंगाम नव्हता. मग झाडाचा काय गुन्हा?"

इतकी वर्षे आम्ही हा उतारा वाचून दाखवत आलो. आम्हाला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. तो शेतात राबलेल्या माणसालाच पडू शकतो. आम्ही तेथेच बसून अध्याय पुन्हा वाचला. संत मार्क आधी शापाचा प्रसंग सांगतात, मग मंदिरातील बाजार उधळल्याचा आणि त्यानंतर झाड वाळल्याचा. म्हणजे मंदिराची हकिकत त्यांनी झाडाच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवली आहे. राग झाडावर नव्हता. वरून गजबज आणि आत प्रार्थना नाही, अशा मंदिराची ती खूण होती. ते थोडा वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे नुसताच पाला, शेंग नाही. सोयाबीनचं व्हतं तसं."

त्या दिवशी ते ख्रिस्तप्रसादासाठी पुढे आले होते की नाही, हे तुम्ही विचाराल. आले होते. मुकादमाची उचल मात्र अजून फिटलेली नाही, आणि मुलीची शाळा पुढे कशी चालू ठेवायची हा प्रश्न त्यांच्यापुढे आणि आपल्या सर्वांपुढे आहे. शब्द वाचून काळजी संपत नाही. पण दाराजवळ बसलेला माणूस आत आला आहे, आणि आता त्याला हादरा बसला तरी भिंतीत एक दगड आरपार आहे.

या आठवड्यात प्रत्येक घराने बसून ठरवावे: वेळ कोणती, जागा कोणती, पुस्तक कोणते. एका कागदावर तीनच ओळी लिहाव्यात आणि तो कागद आपल्या बायबलमध्येच ठेवावा. आम्हाला दाखवायची गरज नाही.

*प्रार्थना करू या:*

हे दयाळू पित्या, तू रानात आपल्या लोकांना रोजच्या रोज भाकर दिलीस. आम्हालाही रोजच्या वाट्याचा तुझा शब्द दे. आमची भूक वाढव आणि आमचा अभिमान कमी कर. जे चुकले त्याची लाज आम्हाला तुझ्यापासून दूर नेऊ नये. जे फडात, रस्त्यावर, परगावी आहेत त्यांच्यापर्यंत तुझा शब्द पोहोचव. भूकंपात आम्ही गमावलेल्या सर्वांना तुझ्या घरी चिरविसावा दे. आणि आमच्या घरांच्या भिंती तुझ्या वचनाने आतून-बाहेरून एक कर. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.